विंडोजला आपण फुकटात का नटवायचं?

तिरपागडा

कऱ्हाडात माझं संगणकदुरुस्तीचं छोटं दुकान आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला, तेव्हापासून दर दोन-चार दिवसांनी कोणी ना कोणी जुना डबा काखोटीला मारून येतो. चौथ्या-पाचव्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे मशीन ठणठणीत, पण कागदोपत्री वारलेलं. मी सांगतो, लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट, मोकळी सिस्टिम) टाकून देतो, अजून पाच वर्षं पळेल.

परवा एक काका आले. निवृत्त आहेत, हाउसिंग सोसायटीचा हिशेब बघतात. डेस्कटॉपवर लिबरऑफिस, व्हीएलसी, फायरफॉक्स, सेव्हन-झिप, म्हणजे ज्यांचा कोड कोणालाही बघता-बदलता येतो अशी मोकळी, ओपन सोर्स सॉफ्टवेअरं. सगळं दोन वर्षांपूर्वी मीच मोठ्या हौसेनं टाकलेलं. खाली विंडोज मात्र कुठल्याशा पुतण्यानं टाकलेलं, क्रॅकवालं. उजव्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट करा' अशी पुसट अक्षरं कायमची वस्तीला. मिंटचं नाव काढलं तर काका म्हणाले, "अहो, तुमचं ते मोकळं सॉफ्टवेअर सगळं यातच चालतंय की. मग खालचं कशाला उकरायचं?"

उत्तर सुचलं नाही. शटर ओढताना सुचलं, आणि ते माझ्यावरच उलटणारं होतं. काकांना खालचं उकरायची गरजच पडू नये ही व्यवस्था मीच केली होती.

१९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी प्रोग्रामरनं ग्नू प्रकल्प जाहीर केला तो एक अख्खी मोकळी ऑपरेटिंग सिस्टिम उभी करायची म्हणून. एडिटर, कंपायलर (लिहिलेल्या कोडचं चालणारं सॉफ्टवेअर बनवणारा) वगैरे त्या घराच्या विटा होत्या. आज त्याच विटा आपण शेजारच्या बंगल्याच्या कंपाउंडला लावतोय, वर रंगही मारून देतोय. विंडोजसोबत धड ऑफिस फुकट येत नाही? हे घ्या लिबरऑफिस. व्हिडिओ चालत नाही? घ्या व्हीएलसी. त्या कंपनीच्या प्रत्येक उणिवेला आपल्याकडचं ठिगळ, तेही स्वयंसेवकांच्या रविवारच्या मेहनतीचं.

माझं म्हणणं थेट आहे. ओपन सोर्स प्रकल्पांनी विंडोज आणि मॅकसाठी अधिकृत इन्स्टॉलर देणं बंद करावं. ज्याला हवं त्यानं इकडे यावं. शिव्या चालतील, फक्त पूर्ण वाचून द्या.

नर्मदेतला गोटा

म्हणजे शेजारीण पुरणपोळीला वाटी घेऊन आली की सांगायचं, "आधी फ्लॅट विका, आमच्या चाळीत खोली घ्या, मग वाढते." पोळ्या वाळून जातील हो.

वकिली चष्मा

कायद्याचा भाग आधी उरकतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्येतलं पहिलंच स्वातंत्र्य (त्यांनी त्याला क्रमांक शून्य दिलाय, संगणकवाले!) म्हणजे सॉफ्टवेअर कशाही कामासाठी चालवायची मुभा. १९९८ मध्ये ठरलेल्या ओपन सोर्सच्या व्याख्येतही माणसांत किंवा कामाच्या क्षेत्रांत भेदभाव नको असं आहे. त्यामुळे 'विंडोजवर चालवायला मनाई' अशी अट घातलीत की ते ओपन सोर्स उरतच नाही.

तिरपागडा

@वकिली चष्मा, मनाई कुठे म्हणालो? कोड उघडाच राहू दे. आपण स्वतः ताट वाढून देऊ नये, एवढंच. ज्याला भूक असेल तो कंपाइल करून घेईल.

वकिली चष्मा

तो करेलच, पण फक्त स्वतःपुरतं करेल असं नाही. एक्सचॅट नावाचं आयआरसीवर गप्पा मारायचं सॉफ्टवेअर होतं. लिनक्सवर फुकट, जीपीएल (कोड उघडा ठेवायला लावणारा परवाना). २००४ च्या सुमारास लेखकानं विंडोजच्या अधिकृत आवृत्तीला पैसे लावले. तुमच्यापेक्षा मवाळच भूमिका. झालं काय? कोड उघडा, त्यामुळे दुसऱ्यांनी विंडोजसाठी फुकट आवृत्त्या बांधून वाटल्या. त्यातल्याच एका शाखेचं पुढे हेक्सचॅट झालं आणि मूळ एक्सचॅट २०१० नंतर जागचं हललं नाही. तुम्ही दार लावून घेतलंत तरी लोक आत येणारच. फरक इतकाच की दारात तुम्ही नसाल.

आणि ते विटांचं रूपक सुंदर आहे, पण इतिहास उलटा आहे. १९८० च्या दशकात मोकळा कर्नल (सिस्टिमचा गाभा) होता कुठे? लिनक्स आलं १९९१ ला. तोवर ग्नूचा एडिटर ईमॅक्स आणि कंपायलर जीसीसी लोक चालवत होते ते सन वगैरे कंपन्यांच्या बंदिस्त युनिक्सवर. ग्नूची वाढच भाड्याच्या घरात झाली.

तिरपागडा

भाड्याच्या घरात राहिले कारण स्वतःचं बांधून व्हायचं होतं. आता बांधून झालंय, रंग देऊन झालाय, वास्तुशांत होऊन तीस वर्षं झाली. तरी आपण भाडेकरूच राहायचं?

परदेशी पाटील

जर्मनीत राहतो, सरकारी यंत्रणांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या क्षेत्रात आहे, म्हणून लिहितो.

फ्रान्सच्या जांदार्मरीचं (तिथलं लष्करी शिस्तीचं पोलीस दल) उदाहरण या वादात नेहमी लिनक्सवाले देतात. ७० हजारांहून जास्त संगणक लिनक्सवर, वगैरे. पण क्रम कोणी सांगत नाही. २००५ मध्ये त्यांनी ओपनऑफिस घेतलं, ते विंडोजवर. २००६ मध्ये फायरफॉक्स आणि थंडरबर्ड, तेही विंडोजवर. उबुंटूकडे (लिनक्सचाच एक प्रकार) वळायचं ठरलं ते २००८ मध्ये. तोवर शिपायाच्या हाताला तिन्ही सॉफ्टवेअरची सवय झालेली. खालची सिस्टिम बदलली त्या दिवशी त्याच्या दृष्टीनं बदललं काय, तर चिन्हांची जागा. जर्मनीतलं श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य २०२४ पासून त्याच वाटेनं चाललंय. सुमारे ३० हजार संगणक, आधी लिबरऑफिस, मग लिनक्स.

तिरपागडा, तुमचं धोरण २००५ मध्ये लागू असतं तर जांदार्मरी आजही विंडोजवरच असती.

तिरपागडा

पाटीलसाहेब, म्युनिकचं का गाळलंत?

परदेशी पाटील

गाळलं नाही, विचारायची वाट बघत होतो. म्युनिक महापालिकेनं २००३ मध्ये लिनक्सचं ठरवलं, २०१३ पर्यंत पंधरा हजारांच्या आसपास संगणक हलवले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचा ठराव केला. राजकारण होतंच. पण रोजच्या कटकटी बघितल्या तर बऱ्याचशा एकाच जातीच्या होत्या. बाहेरून येणारी फाइल आणि फक्त विंडोजवर चालणारी खात्याखात्यांची खास सॉफ्टवेअरं. आपल्याकडच्या ओपन सोर्सनं विंडोजवर जायचं की नाही, याचा त्या अपयशाशी संबंध मला तरी दिसत नाही.

तिरपागडा

जांदार्मरीत वरून आदेश निघाला. पुढचा टप्पा कोणी तरी ठरवलेला होता. माझ्या सोसायटीवाल्या काकांना कोण आदेश काढणार? त्यांच्यासाठी पहिली पायरी हाच जिना. तुम्ही म्हणता ती शिडी आहे. माझ्या दुकानात गेली बारा वर्षं ती शिडी नाही, पाट आहे. लोक त्यावर बसलेत आणि आरामात जेवताहेत.

नर्मदेतला गोटा

पाट आवडला. +१. (मी पण त्यावरच बसलोय. विंडोज, अस्सल, लॅपटॉपबरोबर आलेलं. हलणार नाही.)

शेवटचा बाक

मी तिरपागडांच्या बाजूनं आहे, पण कारण तात्त्विक नाही. थकवा.

एका छोट्या ओपन सोर्स प्रकल्पाचं काम बघतो, नाव मुद्दाम देत नाही. आम्ही तिघं, नोकऱ्या सांभाळून. लिनक्सची आवृत्ती काढली की डिस्ट्रोवाले (मिंट, उबुंटूसारखे लिनक्सचे प्रकार काढणारे) स्वतः बांधून, तपासून, सही करून आपल्या भांडारात ठेवतात. आमचं काम संपलं. विंडोजची काढायची तर इन्स्टॉलर आम्ही बांधायचा, तो विकतच्या प्रमाणपत्रानं सही केलेला नसेल तर विंडोज निळा पडदा दाखवून वापरणाऱ्याला घाबरवतं, आणि तो माणूस आम्हालाच पत्र लिहितो की तुमच्यात व्हायरस आहे. ॲपलची तर फीच वर्षाला ९९ डॉलर. फुकट वाटायच्या वस्तूवर वाटणाऱ्यानंच जकात भरायची!

तिघांपैकी विंडोज एकाकडेच आहे, तेही ऑफिसच्या लॅपटॉपवर, जिथे काही टाकायची परवानगी नाही. गेल्या महिन्यातली एक तक्रार: वापरकर्त्याचं नाव देवनागरीत असेल तर त्याच्या फोल्डरचा रस्ता आमच्या सॉफ्टवेअरला वाचताच येत नाही, उघडताक्षणी बंद पडतं. तक्रार अगदी रास्त आहे, आणि मराठी माणूस म्हणून लाजही वाटली. पण पडताळायची कशावर? दोन आठवडे अंधारात तीर मारले.

म्हणून मागच्या वर्षी आम्ही मॅकची आवृत्ती बंद केली. आणि वकिली चष्मा म्हणतात तेच झालं. चार महिन्यांत कुठल्याशा संकेतस्थळावर आमच्याच नावाचा मॅक इन्स्टॉलर अवतरला. आत आणखी काय काय भरलंय देव जाणे. तक्रारी अजून आमच्याकडेच येतात.

अशी गोष्ट मोठ्यांच्या बाबतीतही घडलीय. जिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी २०१३ मध्ये सोर्सफोर्ज (सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचं संकेतस्थळ) सोडलं. २०१५ मध्ये तिथल्या त्यांच्या जुन्या पानावरून विंडोजचा इन्स्टॉलर जाहिरातींची पुरचुंडी बांधून दिला जात होता. खूप बोंब झाली तेव्हा थांबलं.

तेव्हा तिरपागडा, 'देऊ नका' हे बरोबर वाटतं, आणि न दिल्यावर काय होतं हेही बघितलंय. सध्या विंडोजची आवृत्ती चालू आहे. कोणी बघायला नाही म्हणून सहा महिन्यांनी मागे असते.

मास्तर कोपऱ्यातले

जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. हा सगळा वाद पंचविशीनंतरच्या माणसांबद्दल चाललाय. सवय लागते बाराव्या वर्षी. केरळनं दोन हजारच्या दशकातच शाळांमध्ये मोकळी सिस्टिम आणली, पाठ्यपुस्तकंही तीच धरून. तिथल्या पोराला लिनक्स म्हणजे काही तरी वेगळं असतं हे माहीतही नसतं. आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटी, शासकीय नोकरीला प्रमाणपत्र हवं, आणि शिकवलं काय जातं तर विंडोज आणि एमएस ऑफिस. पोरगं 'संगणक शिकलो' म्हणतं तेव्हा त्याला म्हणायचं असतं की स्टार्ट बटण कुठे असतं ते मला कळलं.

विंडोजवर लिबरऑफिस द्यावं की नाही यानं माझ्या वर्गात तसूभर फरक पडत नाही. वीज असली तर बघू.

कानोसा

धागा कालपासून ऐकते आहे. हो, ऐकते. मला दिसत नाही. एका बँकेत कामाला आहे.

धागालेखकांनी यादी दिली त्यात एक नाव नाही. एनव्हीडीए. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, २००६ पासून ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स तेह यांनी सुरू केलेलं. दोघंही अंध. जीपीएलखाली, पूर्ण उघडं. आणि ते फक्त विंडोजवर चालतं. लिनक्सची आवृत्ती नाहीच. त्यापूर्वी आम्हाला पर्याय होता तो हजारोंच्या घरातल्या बंदिस्त सॉफ्टवेअरचा, म्हणजे बहुतेकींसाठी चोरीच्या प्रतीचा, नाही तर नोकरी न करण्याचा.

माझ्या टेबलावरचा संगणक बँकेचा. त्यात काय असावं हे मी ठरवत नाही, माझा शाखाधिकारीही ठरवत नाही. पहिल्या दिवशी तो संगणक माझ्यासाठी मुका होता. परवानगीचं पत्र घेऊन गेले होते. एनव्हीडीएची न बसवता चालणारी प्रत पेनड्राइव्हवर होती. लावली, आणि साधारण अर्ध्या मिनिटात तो यंत्राचा कोरडा आवाज आला. त्यातल्या ईस्पीकचा (मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) मराठी आवाज ऐकलाय कधी? तुम्हाला भांडी घासल्यासारखा वाटेल. मी त्याचा वेग इतका ठेवते की शेजारच्या टेबलावरचे कुलकर्णी म्हणतात, ही भाषा कुठली.

आता सांगा, त्या दोघांनी म्हणायला हवं होतं का, "आधी तुमच्या बँकेला लिनक्सवर आणा, मग बोलू"?

तिरपागडा

ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. खरंच नाही. नियमाला अपवाद म्हणून...

कानोसा

अपवाद म्हणू नका. दुसऱ्याच्या संगणकावर काम करणारी मी एकटी नाही. तलाठी, कारकून, सायबर कॅफेत फॉर्म भरणारी पोरं, डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लावून कर भरणारे सल्लागार, यांच्यापैकी खालची सिस्टिम कोण निवडतं? तुमचे सोसायटीवाले काका निवडू शकतात, म्हणून तुम्ही त्यांच्यावरून नियम काढलात. अपवाद ते आहेत.

तिरपागडा

बरोबर. पण मग एक शंका राहते, ती मांडतो, राग मानू नका. लिनक्सवर ऑर्का आहे, तेच काम करणारं. त्याला माणसं आणि पैसा कायम अपुरा. सगळी मेहनत जिथे लोक आहेत तिथे जाणार, मग लोक तिथेच राहणार, मग मेहनत पुन्हा तिथेच. हे चक्र कोणी तरी तोडायला नको का?

कानोसा

तोडा की. तुम्हाला दिसतं, तुम्ही आधी तोडा. आम्हाला पुढे करू नका.

नर्मदेतला गोटा

(टाळ्या. आणि मी गप्प.)

जुळारी

कोल्हापुरात डीटीपीचं काम करतो, तीस वर्षं. दिवाळी अंक, लग्नपत्रिका, साखर कारखान्याचे वार्षिक अहवाल, सगळं. तुमची भांडणं वाचून हसू येतंय राव, कारण कुलूप कुठाय तेच कोणी बघत नाही.

माझ्याकडं १९९८ पासूनच्या फाइली आहेत. पेजमेकर, कोरल. मजकूर श्रीलिपी, कृतिदेव असल्या फाँटांतला. म्हणजे पडद्यावर 'महाराष्ट्र' दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं नि चिन्हं. फाँट काढला की नुसता किडा-मुंगीचा बाजार. ती फाइल विंडोजवर ठेवा, मॅकवर ठेवा, लिनक्सवर ठेवा, फाँट नाही तर मेली. मला विंडोजनं बांधून ठेवलेलं नाही, माझ्याच फाइलींनी ठेवलंय.

सुटका कशी झाली ते सांगतो. मजकूर युनिकोडात (प्रत्येक अक्षराला सगळीकडं एकच ठरलेला क्रमांक) आणला, तेव्हा. आणि तो युनिकोड मजकूर जुळवायला चाललं लिबरऑफिस, विंडोजवरचं. पण २०१७ च्या आधी वापरलं असतंत तर कळलं असतं, त्यात एक मेख होती. अक्षरजोडणीचं काम विंडोजवर विंडोजची यंत्रणा करायची, लिनक्सवर वेगळी. माझ्याकडं एक ओळ एका शब्दावर तुटायची, पुण्याला संपादकाच्या लिनक्सवर दुसऱ्याच. अख्खं पान सरकायचं. त्या वर्षीच्या ५.३ आवृत्तीपासून त्यांनी सगळीकडं एकच यंत्रणा बसवली, हार्फबझ. तीच फायरफॉक्समध्ये, तीच अँड्रॉइडमध्ये. त्याच वर्षी स्क्रायबस या पानं जुळवायच्या मोकळ्या सॉफ्टवेअरच्या १.५.३ मध्येही जोडाक्षरं धड यायला लागली.

अवांतर: हार्फबझ हे नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं. आपण 'एक हरफ काढला नाही' म्हणतो तोच हर्फ. आमच्या धंद्याला याहून चांगलं नाव कोण देणार!

तर मुद्दा. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द मी प्रत्येक नवीन सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यांदा टाइप करून बघतो. एकात रफार, दुसऱ्यात ती डोळ्याच्या पापणीसारखी र. तो र चुकला की कोकणातल्या समुद्राच्या सह्याद्रीतल्या दऱ्या होतात. आज मी विंडोजवर जुळवतो, संपादक लिनक्सवर उघडतो, दोन्हीकडं पापणी जागेवर, ओळ जागेवर. हे होतंय कारण तेच सॉफ्टवेअर दोन्हीकडं आहे. विंडोजवरचं तुम्ही बंद केलंत तर मी लिनक्सवर जाणार नाही. मी कोरलवर परत जाईन आणि तुमचा संपादकही माझ्यामागून कोरल विकत घेईल, कारण फाइल माझ्याकडून येते.

परदेशी पाटील

@जुळारी, म्युनिकमध्ये नेमकं हेच उलट्या दिशेनं झालं. फाइल बाहेरून यायची, बाहेरच्याच साच्यात. तुमचा प्रतिसाद जपून ठेवतोय.

तिरपागडा

जुळारीकाका, हे पटतंय, आणि पटतंय याचा त्रास होतोय. पण प्रश्न पुन्हा तोच. तुमच्या फाइली आता मोकळ्या झाल्यात. मग अजून विंडोजवर का?

जुळारी

छपाईच्या प्लेटा काढणाऱ्याचं सॉफ्टवेअर, कलर प्रिंटरचा ड्रायव्हर, आणि माझं वय. तिन्हीपैकी एक तरी मोकळं करून द्या, येतो.

वकिली चष्मा

मला यात एक मधला रस्ता दिसतो, आणि तो खुद्द ग्नूवाल्यांनीच काढलेला आहे. बंदिस्त सिस्टिम सुधारणं हे आमचं ध्येय नाही, त्या नाहीशा करायच्या आहेत, असं ते स्वच्छ म्हणतात. तरी ईमॅक्स विंडोजवर आणि मॅकवर देतात, माणसाला स्वातंत्र्याची चव लागावी म्हणून. पण पहिला मान घरच्याला. ईमॅक्समध्ये मॅकवर रंगीत इमोजी दिसायला लागले होते, ते अनवधानानं. मोकळ्या सिस्टिमवर ते अजून येत नव्हते. २०१६ च्या २५.१ आवृत्तीत त्यांनी मॅकवरचे रंगीत इमोजी चक्क बंद केले. लिनक्सवर जमेल तेव्हा चालू करू, म्हणाले. २०२० च्या २७ व्या आवृत्तीत ते आले.

मॅकवाले चिडले होते, साहजिक आहे. मला स्वतःला तो हट्ट पोरकट वाटतो. पण भूमिका म्हणून नीट आहे. द्या, फक्त परक्याच्या घरी जास्त चांगलं देऊ नका.

शेवटचा बाक

आमच्याकडे आपोआप तेच होतं, विंडोज सहा महिने मागे. धोरण म्हणून नाही, दारिद्र्य म्हणून.

परदेशी पाटील

दारिद्र्यावरून. क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर संकेतस्थळावर फुकट आहे आणि मायक्रोसॉफ्टच्या दुकानात विकत. लोक घेतात, आणि त्या पैशाचा लिहिणाऱ्यांच्या पगाराला हातभार लागतो. बंदिस्त सिस्टिमवरच्या माणसानं मोकळ्या सॉफ्टवेअरचा पगार दिलेला तिरपागडांना चालेल का?

तिरपागडा

चालेल. पण ज्याचं दुकान त्याच्या मर्जीवर. जून २०२२ मध्ये त्याच दुकानानं नियम आणला होता की जे ओपन सोर्स इतरत्र फुकट मिळतं ते इथे पैसे लावून विकायचं नाही. आरडाओरडा झाला म्हणून पुढच्याच महिन्यात बदलला. आणि ॲपलकडे तर जीपीएल आणि दुकानाच्या अटी यांचं जमतच नाही म्हणून व्हीएलसी २०११ च्या जानेवारीत आयफोनवरून गेलं. ते परतलं २०१३ मध्ये, तेही परवाना बदलल्यावर. परक्याच्या घरी जेवायला गेलं की शेवटी आपले नियम बदलावे लागतात, त्यांचे बदलत नाहीत. या मुद्द्यावर मी तसूभर हललेलो नाही.

वकिली चष्मा

हा मुद्दा मान्य. आयफोन आणि विंडोज एका तागडीत घालू नयेत. विंडोजवर निळ्या पडद्यावरून पुढे जायची फट अजून तरी आहे.

मास्तर कोपऱ्यातले

वीज आली. शाळेत दहा जुने डबे आहेत, विंडोज ७. तिरपागडा, कऱ्हाडहून आमचं गाव तासाभरावर आहे. मिंट टाकायला याल का? मुलांना विंडोजवर काय चालतं आणि काय नाही याच्याशी देणंघेणं नाही. त्यांना चित्रं काढायची आहेत.

तिरपागडा

मास्तर, येत्या शनिवारी येतो. निरोपात पत्ता टाका. चार जीबी नसेल तर रॅम माझ्याकडच्या भंगारातून आणतो.

@शेवटचा बाक, तुमचा तो देवनागरी नावाचा गोंधळ. दुकानात ग्राहकांनी टाकून दिलेली चार विंडोज १० मशीनं पडून आहेत. त्यातल्या एकावर मी नाव 'ज्ञानेश्वर' ठेवलेलं आहे, देवनागरीत, कारण असल्या भानगडी तिथेच सापडतात. इन्स्टॉलर पाठवा, रविवारी बसून बघतो. आणि हो, दुरुस्ती आधी लिनक्सच्या आवृत्तीत घाला.

शेवटचा बाक

लिनक्सवर तो बग नाहीच आहे.

तिरपागडा

बरं. पाठवा.